शिक्षणातील दूरसंवाद : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

क्षेत्रफळाच्या दृष्टीने अहिल्यानगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा विस्तार सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर आणि सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या आदिवासी वाड्या आहेत. उत्तरेस प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालील उसाचे मळे, तर पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत असे अवर्षणप्रवण तालुके आहेत. अशा जिल्ह्यात प्रत्येक मुलापर्यंत शिक्षण नेणे म्हणजे अंतराशी सतत झुंज देणे होय. मोबाइल आणि इंटरनेट यांमुळे हे अंतर मिटले, असा समज गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. तो कितपत खरा आहे आणि या साधनाचे खरे सामर्थ्य कशात आहे, याचा विचार शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी करणे अगत्याचे आहे.

एकेरी प्रसारण आणि दुहेरी संवाद

दुरून शिकविण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. १९७५-७६ या वर्षात देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. परंतु पुढे १९८४ मध्ये पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन होऊन मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली व नोकरी-शेती सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांना दार उघडले.

आकाशवाणी व दूरचित्रवाणी ही साधने बोलत, परंतु ऐकत नसत. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट समजली नाही, तर ती सांगण्याची सोय त्यांत नव्हती. टपालाने शंका पाठविल्यास उत्तर येईपर्यंत पुढचे पाठ होऊन जात. मोबाइलने ही उणीव भरून काढली. शिक्षकाचा आवाज मुलापर्यंत जातो, तसा मुलाचाही आवाज त्याच क्षणी शिक्षकापर्यंत येऊ शकतो. या साधनाचे वैशिष्ट्य या परतीच्या वाटेत आहे. ती वाट न वापरता केवळ चित्रफिती व स्वाध्याय पुढे पाठवीत राहिल्यास हातात मोबाइल असूनही आपण जुन्या एकेरी प्रसारणाकडेच परततो.

टाळेबंदीच्या काळातील अनुभव

मार्च २०२० मध्ये कोविड महामारीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही दैनंदिन अभ्यासमाला व्हॉट्सॲपद्वारे सुरू केली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखविली जाऊ लागली. संकटकाळात अल्पावधीत झालेली ही तयारी निश्चितच उल्लेखनीय होती.

मात्र साधन घरात असणे आणि ते मुलाच्या हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. परंतु फोन असलेल्या घरांतीलही सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. याचे कारण उघड आहे. घरातील एकुलता फोन सकाळी कर्त्या माणसाच्या खिशातून शेतावर किंवा कामावर जातो आणि दिवेलागणीला परततो. दोन-तीन भावंडे असल्यास त्यांतही वाटणी होते. अकोल्याच्या डोंगराळ भागात अडचण आणखी वाढते, कारण मोबाइलच्या लहरींना डोंगराचा अडसर होतो व दरीतील वाडीपर्यंत त्या क्षीण होऊन पोहोचतात.

परिणाम लवकरच दिसून आला. याच पाहणीत इयत्ता तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे देशातील ग्रामीण प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. लहान वयातील शिक्षण समोरासमोरच्या सहवासावर अवलंबून असते. मूल कोणत्या अक्षरावर अडखळते, पाटीवर हातच्याचा आकडा कोठे विसरते, हे जवळ बसलेल्या शिक्षकास तत्काळ उमगते. फोनवर आलेल्या गृहपाठाच्या छायाचित्रात शुद्ध उत्तर दिसते. ते कोणी लिहिले, हे दिसत नाही.

हिवरे बाजारचा निर्णय

या संदर्भात नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण बोधप्रद आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोट विकासासाठी देशभर नावाजलेल्या या गावाने साथीला आळा घातल्यानंतर जून २०२१ मध्ये प्रत्यक्ष वर्ग सुरू केले. पुढे जुलै २०२१ मध्ये शासनानेही कोविडमुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग ग्रामपातळीवरील समितीच्या संमतीने सुरू करण्याची मुभा दिली. संधी मिळताच मुलांना वर्गात परत आणण्याची निकड गावाला वाटली, यातच दूरसंवादाच्या मर्यादेची कबुली आहे. शाळेचा प्रश्न हा गावाचा प्रश्न आहे असे पंचायतीने मानले तर काय होऊ शकते, हेही त्यातून दिसते.

शिक्षकाच्या हातातील साधन

मर्यादा आहेत म्हणून साधन टाकून देणे शहाणपणाचे ठरणार नाही. लगतच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा उपयोग केला व ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना लाभला. कविता ऐकावी, प्रयोग पाहावा, पुन्हा पाहावा, ही सोय या कोडमुळे पुस्तकाच्या पानावरच झाली. येथे साधन पाठाला जोडलेले आहे व पाठ शिक्षकाच्या हाती आहे. ज्या शिक्षकाला आपल्या वर्गातील प्रत्येक मूल ठाऊक आहे, त्याच्या हातीच हे साधन फलदायी ठरते.

ऊसतोड कामगारांची मुले

अहिल्यानगर जिल्ह्यात दूरसंवादाची खरी कसोटी एका निराळ्याच प्रश्नावर लागणार आहे. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली प्रवरानगर येथे याच जिल्ह्यात उभा राहिला. आणि याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि गाळप हंगाम संपल्यावर, म्हणजे साधारणपणे पाडव्याच्या आगेमागे परतते. शालेय वर्षाचे पाच-सहा महिने मूल फडाजवळच्या कोपीत राहते. आईवडील पहाटे कोयता घेऊन निघाले की धाकट्या भावंडाची जबाबदारी अनेकदा दहा-बारा वर्षांच्या मुलीवर पडते.

गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मूल ठेवणे, हा पहिला व उत्तम उपाय होय. ते शक्य नसेल तेथे मुलाला मुक्कामाच्या गावातील शाळेत दाखल करता येते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हमी पत्रकाची योजनाही याचसाठी आहे. परंतु टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली की कागद मागे राहतो आणि मूल दोन्ही शाळांच्या नजरेआड होते. या टप्प्यावर फोन उपयोगी पडतो. मूळ गावच्या शिक्षकास मुक्कामाचे ठिकाण कळत राहिले, तर तो तेथील शाळेच्या मुख्याध्यापकाशी स्वतः बोलू शकतो. आठवड्यातून एकदा मुलाचे वाचन त्याला ऐकता येते. कोपीत वीज असतेच असे नाही व फोनची बॅटरीही पुरत नाही. म्हणून दीर्घ चित्रफितींपेक्षा दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश अधिक व्यवहार्य ठरतो. एवढ्याने सारा अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही, हे खरे. परंतु आपल्या गुरुजींना आपली आठवण आहे, हे मुलाला कळत राहते आणि परतल्यावर शाळेची पायरी पुन्हा चढणे त्यास सोपे जाते. शाळा कायमची सुटण्याचा धोका टाळण्यासाठी हा धागा मोलाचा आहे.

करावयाची कामे

या अनुभवातून काही व्यावहारिक सूचना करता येतील.

१. शिक्षकांनी मुलांशी संपर्काची वेळ फोन घरी असतो तेव्हाची, म्हणजे संध्याकाळची, पालकांशी बोलून ठरवावी व ती आठवड्यातून एक-दोन दिवसांपुरती मर्यादित ठेवावी. लेखी उत्तराच्या छायाचित्राऐवजी मुलाने स्वतः मोठ्याने केलेले वाचन मागवावे.

२. किती संदेश पाठविले यापेक्षा कोणाकडून उत्तर आले नाही, याची नोंद ठेवावी. सलग दोन आठवडे मौन असलेल्या मुलाच्या घरी शिक्षक किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने प्रत्यक्ष जावे.

३. दसऱ्यापूर्वी ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी, संपर्क क्रमांक व संभाव्य ठिकाण यांसह तयार करावी.

४. जेथे ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी कार्यान्वित आहे, तेथे संध्याकाळी एक तास कार्यालयाची खोली अभ्यासिका म्हणून मुलांना खुली करावी.

५. मुलांची, विशेषतः मुलींची छायाचित्रे व क्रमांक मोठ्या गटांवर प्रसृत करू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य करण्यात आले आहे.

६. अधिकाऱ्यांनी शालेय वेळेत गटांवरून अहवाल व छायाचित्रे मागविणे टाळावे. वर्गात शिक्षकाची नजर फोनकडे वळली, तर ती मुलाकडून हटते.

१८४८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी अहमदनगर येथील मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्यानंतर पुण्यास मुलींची शाळा सुरू केली. शिक्षणापासून दूर ठेवलेल्यांकडे शिक्षणाने स्वतः चालत जावे, हा विचार या जिल्ह्याला अपरिचित नाही. आज दूर असलेले मूल अकोल्याच्या वाडीत आहे, तसेच उसाच्या फडावरही आहे. येत्या गाळप हंगामापूर्वी प्रत्येक स्थलांतरित मुलाचे नाव, ठिकाण आणि त्याच्याशी बोलणारा एक शिक्षक निश्चित झाला, तर दूरसंवादाच्या या साधनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.