लांडग्याची वंशावळ

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एकच जर्नल दहा जणांच्या हातून फिरतं. त्यात ‘सेमी’च्या जागी ‘मिमी’ पडलं असेल तर पुढच्या सगळ्यांत तेच येतं. मधला एखादा स्वतःची नवी चूक घालतो, मग त्याच्यावरून उतरवणाऱ्यांकडे दोन्ही चुका जातात. नुसत्या चुका जुळवून सरांना कळतं, कोणी कोणाचं छापलं! उत्क्रांतीचे अभ्यासक साधारण हेच करतात.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा लांबलचक मजकूर. पिढ्यानपिढ्या त्याची नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल वारशाने पुढे जातो. दोन प्राण्यांत फरक जितके जास्त, तितकी त्यांची फारकत साधारणपणे जुनी. नुसत्या रूपावर विसंबून चालत नाही. समुद्रात खडकांना चिकटलेले बार्नकल शिंपल्यांसारखे दिसतात, पण नात्याने ते खेकडा-कोळंबीचे.

आता आपल्या भागाकडे येऊ. कोऱ्हाळे बुद्रुकच्या बाजूला कालवा आणि ऊस. पण बारामती तालुक्यातच सुप्याकडे, किंवा इंदापुरात कडबनवाडीला गेलं की उघडी माळरानं लागतात. तिथे लांडगा राहतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय लांडग्यांचा माइटोकॉन्ड्रियातला डीएनए जगातल्या इतर लांडग्यांशी व कुत्र्यांशी ताडून पाहिला. आपल्या लांडग्याची शाखा सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा अंदाज निघाला. २०२१ मध्ये पूर्ण जीनोम वाचल्यावर ही शाखा वेगळी असल्याचं आणखी पक्कं झालं.

पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. बाप कुत्रा असेल तर त्यात पत्ताच लागत नाही. त्यासाठी केंद्रकातला डीएनएही वाचावा लागतो. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले, तेव्हा ग्रासलँड्स ट्रस्ट, एट्री आणि एनसीबीएस या संस्थांनी तेच केलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आला, की लांडग्यात कुत्र्याचं रक्त मिसळलंय.

म्हणजे लाखो वर्षं जपलेला मजकूर काही पिढ्यांत पुसट होऊ शकतो. एकीकडे माळरानाला ‘पडीक’ म्हणून आपण ते संपवतो, दुसरीकडे उघड्यावर टाकलेल्या खरकट्यावर मोकाट कुत्री वाढतात. कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि कचऱ्याचा बंदोबस्त ही कामं काही लॅबमधली नाहीत. मेसच्या मागच्या उकिरड्यापासूनसुद्धा सुरुवात करता येईल. पटतंय ना?