कुलूप स्क्रिप्टकडे, किल्ली दुसरीकडे

किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम

चि. भाच्यास,

फाइली कूटबद्ध करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच पासवर्ड लिहून ठेवण्याचा मोह हमखास होतो. उदाहरण म्हणून गावच्या सेवा केंद्राचा संगणक घ्यावा. शेतकऱ्यांचे सातबारे, आधार, पासबुकांच्या प्रती एका फोल्डरात असतात आणि स्क्रिप्टही त्याच डिस्कवर. डिस्क ज्याच्या हाती लागेल त्याला फाइली आणि पासवर्ड एकदमच मिळतात. मग एईएस-256 सारखी भक्कम कूटपद्धत असून काय उपयोग? पद्धत जगजाहीर असली तरी चालावे, गुपित फक्त किल्लीत असावे, हे कूटशास्त्रज्ञ केर्कहॉफ्सने 1883 सालीच मांडले होते.

आज्ञेच्या ओळीत पासवर्ड देणेही तितकेच वाईट. चालू प्रक्रियांच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो. स्क्रिप्टच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये नोंदला गेलेला पासवर्ड मागाहून खोडला तरी जुन्या नोंदींत उरतो. तो बदलण्यावाचून इलाज नसतो.

स्क्रिप्टला फक्त कूटबद्ध करायचे असते, उघडायचे नसते. म्हणून जीपीजी या कूटबद्ध करण्याच्या प्रोग्राममध्ये किल्ल्यांची जोडी करावी (सार्वजनिक किल्ली बंद करते, खासगी उघडते) आणि त्या संगणकावर सार्वजनिक किल्लीच ठेवावी. देवळातली दानपेटी अशीच चालते: टाकणारा कोणीही, उघडणारे विश्वस्तच. जीपीजी दर फाइलीसाठी नवी यादृच्छिक किल्ली बनवते, तिने फाइल बंद करते आणि ती लहानशी किल्ली सार्वजनिक किल्लीने झाकते. त्यामुळे मोठ्या फाइलींनाही फार वेळ लागत नाही. मात्र सार्वजनिक किल्ली विश्वासाची आहे असे जीपीजीला आधी सांगितलेले नसेल, तर रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट तिथेच अडते. किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) पडताळून ते एकदा करून टाकावे.

स्क्रिप्ट कूटबद्ध फाइल लिहीत असताना वीज गेली तर अर्धवट फाइल मागे राहते. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहावे आणि आज्ञा बिनचूक संपल्यावरच खरे नाव द्यावे.

खासगी किल्लीला लांबलचक परवलीचे वाक्य हवे. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर तिजोरीत, दुसरी कागदावर छापून वेगळ्या घरी ठेवावी; वाक्य मात्र दोन्हींपासून लांब. खासगी किल्ली हरवली तर तहसीलात अर्ज करून दुसरी प्रत निघत नाही.

महिन्यातून एकदा एखादा सातबारा उघडून गट क्रमांक नीट वाचता येतो का ते पाहावे. ही तपासणी इंटरनेट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर करावी. केंद्राच्या संगणकावर केली, तर खासगी किल्ली तिथे न्यावी लागते.

मामा