प्लग बंद पडला? बोर्डातला खटका ‘डायरेक्ट’ करू नका

पावसाळा लागला की वस्तीत एक तक्रार घरोघरी ऐकू येते : “प्लगमध्ये लाईट येत नाही, बोर्डातला खटका सारखा पडतो.” मग कुणीतरी ओळखीचा येतो, दोन तारा जोडतो आणि तो खटका मधून काढूनच टाकतो. लाईट येते, मिक्सर फिरतो. याला आपण ‘डायरेक्ट करणं’ म्हणतो. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचं कारण एवढंच, की तो खटका आपल्या हृदयासाठी बसवलेला असतो. तो पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं काम चोख केलेलं असतं.

हा खटका काय करतो?

बोर्डात दोन प्रकारचे खटके असतात. अरुंद असतो तो एमसीबी. तारेवर जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. तो तारा जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. दुसरा रुंद असतो आणि त्यावर ‘टी’ अक्षराचं किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. बरेच लोक त्याला ईएलसीबी म्हणतात.

फेजच्या तारेतून जेवढा करंट घरात जातो, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी परत आला, तर उरलेला कुठेतरी गळतोय : ओल्या भिंतीतून, कूलरच्या पत्र्यातून, नाहीतर माणसाच्या अंगातून. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढी गळती झाली की ०.३ सेकंदाच्या आत तो वीज तोडतो.

३० मिलिअँपिअर म्हणजे किती? ९ वॅटचा एलईडी बल्ब याहून जास्त करंट घेतो. पण शरीराला तेवढा पुरतो. अमेरिकेतले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी केलेल्या प्रयोगांत बायकांचा हात सरासरी १०.५ मिलिअँपिअरला आणि पुरुषांचा १६ मिलिअँपिअरला तारेवरून सोडवता येईनासा झाला. स्नायू आखडतात, मूठ घट्ट बसते. करंट वाढला आणि छातीतून जात राहिला, तर श्वास अडकतो, हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही.

दोष कसा शोधायचा?

घरात पाणी शिरलं असेल, बोर्ड ओला असेल किंवा जळका वास येत असेल, तर बोर्डाला हात लावू नका, वायरमनला बोलवा. एरवी हात कोरडे करा, पायात कोरडी रबरी चप्पल घाला आणि क्रमाने जा.

१. शेजारी लाईट आहे का ते पाहा. मग तीच वस्तू घरातल्या दुसऱ्या प्लगला लावून पाहा. दोष वस्तूत आहे, एका प्लगमध्ये आहे की सगळ्या घरात, हे इथेच कळतं.

२. बोर्डात कोणता खटका पडलाय ते बघा. काही खटके मध्येच अडकतात. ते आधी पूर्ण खाली करून मगच वर करायचे.

३. आरसीसीबी पडला असेल तर घरातल्या सगळ्या वस्तूंच्या पिना काढा : फ्रिज, मिक्सर, कूलर, चार्जर, सगळं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण साधारणपणे एकच तार तोडतं, दुसऱ्या तारेतून गळती चालूच राहू शकते.

४. सगळे एमसीबी खाली करा. आता आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करा. सगळे टिकले, तर एकेक वस्तू लावून चालू करा. जी लावताच खटका पडेल, ती दोषी. बहुधा पाणी तापवायचा रॉड, गिझर, इस्त्री, कूलरचा पंप किंवा धुण्याचं मशीन निघतं. ती वस्तू दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

५. पिना काढूनही खटका पडत असेल, तर गळती भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे किंवा खटकाच बिघडलाय. इथे आपलं काम संपलं. परवानाधारक वायरमन बोलवा.

६. सगळे खटके वर आहेत, तरी एकच प्लग बंद आहे? तार सैल झाली असेल किंवा तुटली असेल. टेस्टर पेटला म्हणजे प्लग ठीक आहे असं समजू नका. न्यूट्रल तुटली असली तरी टेस्टर पेटतो. प्लग काळा पडला असेल, गरम लागत असेल, तर त्याचा एमसीबी बंद ठेवा.

अर्थिंग का हवं?

तीन पिनांतली मोठी पिन अर्थिंगची. प्लगमध्ये बसत नाही म्हणून ती कापू नका. अर्थिंग असेल तर वस्तूच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जातो आणि कुणी हात लावण्याआधीच खटका पडतो. अर्थिंग नसेल, तर ती वाट आपल्या शरीरातून तयार होते आणि खटका आपल्याला झटका बसल्यावर पडतो. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर आरसीसीबीला काही कळतच नाही. म्हणून खटका आहे म्हणून उघड्या तारेशी खेळ नको.

भाड्याच्या घरात असाल तर अर्थिंग आणि आरसीसीबी मालकाकडे मागा. एकट्याने मागून मिळत नसेल, तर सगळ्या भाडेकरूंनी मिळून मागा. विहारातल्या पाण्याच्या कूलरलाही हे दोन्ही आहे का, ते समितीने पाहून घ्यावं. तिथे लहान मुलं ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी येतात.

शॉक बसलाच तर

आधी मेन स्विच बंद करा. तोवर माणसाला हात लावू नका. मेन सापडत नसेल, तर कोरड्यावर उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून ढकला. खांबावरची किंवा रस्त्यात पडलेली तार असेल तर लांब राहा, १९१२ वर कळवा. १०८ ला फोन करा. माणूस हाक मारून हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

माणूस उठून बसला तरी तो चक्कर येऊन पडला असेल, भाजला असेल, छातीत धडधडत असेल किंवा बाई गरोदर असेल, तर दवाखान्यात न्यायलाच हवं. तिथे ईसीजी काढतात. विजेची जखम वरून डागाएवढी दिसते, आत स्नायू जळालेले असू शकतात. लघवी गडद तांबडी झाली तर मूत्रपिंडाला धोका असतो.

आज बोर्डापाशी जा आणि वीज चालू असताना ‘टी’चं बटण दाबा. खटका लगेच पडला, तर तो जागा आहे. वर करा आणि दर महिन्याला असंच तपासा. पडला नाही, तर तो बदलून घ्या. आणि बोर्डात असा खटकाच नसेल, तर घरातली पुढची मोठी खरेदी त्याची करा.