सुनक्खत्त का सोडून गेला?

आजचं वाचन : मज्झिमनिकाय १२, महासीहनाद सुत्त

सुनक्खत्त हा वैशालीचा लिच्छवी, भगवंतांचा भिक्खू. भगवान चमत्कार दाखवत नाहीत, ही त्याची तक्रार. ‘दाखवीन’ असं वचन भगवंतांनी कधी दिलंच नव्हतं! तरी त्याने संघ सोडला. जातककथा सांगते, तो कोरक्खत्तिय या तपस्व्याच्या मताकडे वळला.

मग तो वैशालीत सांगत सुटला : गौतमाचा धम्म नुसता तर्काचा, आचरणाऱ्याचं दुःख मात्र संपतं. भगवान सारिपुत्तांना म्हणाले, निंदा करायला गेला आणि स्तुती करून बसला.

मित्रांनो, सोडून गेलेल्यांवर आपण चटकन तुटून पडतो. आधी स्वतःला विचारूया : मी विहारात कशासाठी जातो? नोकरी, परीक्षा, लग्न? मग ते नाही जमलं, तर उद्या मीही सुनक्खत्तच.

आज फक्त पंचशील नीट पाळूया.

नमो बुद्धाय 🙏