जुन्या लहान मोटारीची शक्ति कशी वाढवितात

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत वायूंच्या दाबाचा धडा चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, जुन्या मोटारीचें एंजिन न बदलतां तिला घरच्या घरीं अधिक वेगवान् करितां येतें काय?" तास संपत आला होता. आम्हीं अर्धें उत्तर दिलें व उरलेलें वार्षिकासाठीं राखून ठेविलें. तें ऋण आज फेडीत आहों. पालकांनीं हा विषय पाहून कपाळाला आठ्या घालूं नयेत. ज्या मुलाला हा प्रश्न खरोखर पडतो, त्याला गणित व पदार्थविज्ञान हीं दोन्ही आपण होऊन शिकावीं लागतात.

उदाहरणासाठीं आम्ही इंग्लंडांतील ऑस्टिन सेव्हन ही गाडी घेतों. कारण घरच्या छपराखालीं जितक्या तरुणांनीं हिच्यावर हात बसविला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या मोटारीवर बसविला असेल. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ली एज नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या मुलाला आपल्या राहत्या घरीं आणून, बिलियर्ड खेळण्याच्या खोलींत बसवून, हिचे नकाशे तयार करविले. १९२२ सालीं गाडी लोकांपुढें आली, व १९३९ पर्यंत तिच्या सुमारें २,९०,००० प्रती निघाल्या. एवढ्या गाड्या निघाल्यावर जुन्या झालेल्या गाड्या थोडक्या पौंडांत मिळूं लागल्या यांत नवल नाहीं; आणि जी वस्तु स्वस्त मिळते ती उघडून पाहण्याचें धैर्य तरुणांस लवकर होतें.

हिचें एंजिन चार सिलिंडरांचें. प्रत्येक सिलिंडराचा व्यास २·२ इंच, व पिस्टनाची धांव ३ इंच. आपल्या मापांत चारही सिलिंडरांचें मिळून आकारमान ७४७ घन सेंटिमीटर, म्हणजे पाऊण लिटर. व्यासापेक्षां धांव इतकी मोठी कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर यंत्रशास्त्रांत नसून सरकारी कराच्या नियमांत आहे. १९२१ पासून तेथें मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड कर बसे, आणि ती अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजीत नसत. इंचांतील व्यासाचा वर्ग करून त्याला सिलिंडरांच्या संख्येनें गुणावयाचें व २·५ नें भागावयाचें, एवढाच हिशेब. येथें तो ४·८४ गुणिलें ४ भागिलें २·५, म्हणजे पावणेआठच्या आसपास येतो. धांवेचा त्यांत उल्लेखच नाहीं! तेव्हां शहाण्या कारखानदारानें व्यास अरुंद व धांव लांब ठेविली. कर ठरविणाऱ्या कारकुनाची लेखणी अशी थेट लोखंडापर्यंत पोंचली. आणि अरुंद सिलिंडराच्या शेजारीं झडपाही लहानच बसवाव्या लागत असल्यामुळें, पुढें शक्ति वाढवूं पाहणाऱ्या तरुणांस याच गोष्टीशीं झगडावें लागलें.

आरंभींच्या गाडीचें एंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असतां सुमारें १०·५ अश्वशक्ति देई. ही शक्ति येते कोठून? पेट्रोल जळून, हें खरें. पण पेट्रोल जळावयास हवा पाहिजे, व पेट्रोल वाटेल तेवढें ओततां आलें तरी हवा तशी ओततां येत नाहीं, ती पिस्टनाला ओढून घ्यावी लागते. चार धांवांच्या एंजिनांत दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदांच भरतो. मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे १२०० भरणा. ०·७४७ लिटरनें गुणल्यास ८९६ लिटर हवा. तेंच एंजिन ५००० फेरे घेऊं लागलें तर २५०० भरणा, म्हणजे १८६७ लिटर. अर्थात् प्रत्येक भरणा पुरा होतो असें धरून. तो पुरा होत नाहीं, हीच सारी अडचण आहे.

म्हणून शक्ति वाढविण्याचे मार्ग तीन : दर भरण्यास अधिक हवा घालणें, भरलेली हवा अधिक दाबणें, आणि मिनिटाला अधिक वेळां भरणें.

पहिला मार्ग कानशीचा आहे. या एंजिनांत झडपा सिलिंडराच्या माथ्यावर नसून बाजूस, तोंड वर करून बसविलेल्या असतात. आंत येणारी हवा आधीं वर चढते, मग आडवी वळते, मग खालीं उतरते. ओतीव लोखंडाच्या वाटा खडबडीत असतात व जोडाच्या ठिकाणीं एका नळीचें तोंड दुसऱ्या नळीच्या तोंडाशीं बरोबर जुळत नाहीं. तें जुळविणें, खडबड काढणें, झडपा घासून घट्ट बसविणें, थोडा मोठा कार्ब्युरेटर लावणें, हीं सर्व कामें घरीं होण्याजोगीं होतीं. शिवाय झडपा बाजूस असल्यामुळें एंजिनाचें हेड म्हणजे केवळ एक झांकण. नट सोडले कीं तें हातांत येई. ज्यास आज डोक्यावर झडपा असलेलें एंजिन उघडावें लागतें, त्याला ही सोय काय होती तें समजेल.

परंतु कानशीनें न सुटणारा एक दोष या एंजिनांत होता. चार सिलिंडरांस हवा घेण्याचीं तोंडें दोनच : पहिल्या-दुसऱ्याचें मिळून एक, तिसऱ्या-चौथ्याचें मिळून एक. आतां पेट घेण्याचा क्रम पाहा : १, ३, ४, २. तिसऱ्यामागून लगेच चौथा, आणि दुसऱ्यामागून लगेच पहिला. म्हणजे एकाच तोंडावर दोन भाऊ पाठोपाठ प्यावयास बसतात. पहिल्याचा शेवटचा घोट चालू असतांनाच दुसरा ओढूं लागतो, व एकाचा घांस दुसरा हिरावतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत स्थापत्य शिकलेल्या कॉलिन चॅपमन या तरुणानें १९५१ सालीं आपल्या तिसऱ्या लोटस गाडींत या सामाईक वाटेच्या मधोमध पातळ पत्र्याचा पडदा उभा केला, आणि प्रत्येक भावाला आपापली वाट मिळाली. ७५० घन सेंटिमीटरच्या शर्यतींत त्याची गाडी इतकी पुढें जाऊं लागली कीं, पुढें नियम बदलून तो पडदा वर्ज्य करण्यांत आला. एखाद्या युक्तीस याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें असेल?

याच चॅपमननें आपली पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर, आपल्या भावी पत्नीच्या आईबापांच्या घरामागील एका लहानशा गॅरेजांत बांधली होती. न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं, बापाच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानांत वाढलेल्या ब्रूस मॅक्लारेन या मुलानेंही आपले पहिले धडे याच जातीच्या 'अल्स्टर' गाडीवर गिरविले. या दोघांचीं नांवें आज जगाच्या शर्यतींत घेतलीं जातात.

दुसरा मार्ग दाबाचा. पिस्टन तळाशीं असतांना वर जेवढी जागा असते, व माथ्याशीं असतांना जेवढी उरते, त्यांचें प्रमाण म्हणजे दाबाचें प्रमाण. आपल्या एंजिनांत एका सिलिंडराचें आकारमान १८७ घन सेंटिमीटर. प्रमाण ५ हवें तर माथ्यावरील पोकळी १८७ भागिलें ४, म्हणजे ४६·७५ असली पाहिजे. प्रमाण ६ करावयाचें तर १८७ भागिलें ५, म्हणजे ३७·४. तेव्हां ९·३५ घन सेंटिमीटर जागा कमी केली पाहिजे. पोकळीच्या तोंडाचें क्षेत्रफळ समजा ६० चौरस सेंटिमीटर आहे. तर हेडाचा तळ दीड मिलिमीटरहून किंचित् अधिक रंधून काढला कीं काम झालें. यांत लाभ किती? आदर्श चक्राच्या सूत्रानें पांच प्रमाणास उष्णतेचा शेंकडा ४७·५ भाग कामीं येतो व सहा प्रमाणास ५१·२. म्हणजे त्याच पेट्रोलांत सुमारें आठ टक्के अधिक काम. आदर्श चक्र पुस्तकांतच असतें, तरी वाढीची दिशा व अदमास त्यावरून कळतो.

फुकट मात्र कांहींच मिळत नाहीं. बाजूस झडपा असलेल्या एंजिनांत हेड फार रंधलें तर झडपेवरून सिलिंडराकडे जाणारी वाटच चेपते, म्हणजे दुसऱ्या मार्गानें मिळविलेलें पहिल्या मार्गानें गमावलें. आणि दाब फार वाढला तर मिश्रण शांतपणें न जळतां एकदम फुटतें. एंजिनांत हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकूनही जो गाडी हांकीत राहतो, त्याला पिस्टनाच्या माथ्यावर भोंक पडलेलें पाहावयास मिळतें.

तिसरा मार्ग अधिक फेऱ्यांचा, व तो सर्वांत मोहक आणि सर्वांत महाग. पिस्टनाला प्रत्येक धांवेस थांबवून उलट फिरवावें लागतें. त्यासाठीं लागणारें बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. २४०० चे ४८०० फेरे केले कीं बळ दुप्पट नव्हे, चौपट. पूर्वींच्या ऑस्टिन सेव्हनचा क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगांवर, पुढें एक व मागें एक, असा टेकलेला असे. मधें आधार नसल्यामुळें तो वेगांत धनुष्यासारखा वांके. शिवाय तेल त्याच्या पोटांतून दाबानें जात नसून बारीक तोट्यांतून त्याच्यावर उडविलें जाई. १९३६ पासून मधलें तिसरें बेअरिंग आलें. कारखान्यानें स्वतः जी अल्स्टर नांवाची शर्यती गाडी काढली, तिला मात्र दाबानें तेल पुरविलें होतें, व म्हणूनच तिचें एंजिन सुमारें २४ अश्वशक्ति, आणि हवा कोंबणारा पंप जोडल्यास ३३, देऊं शकलें. व्यास तोच, धांव तीच, आणि शक्ति तिप्पट! १९२९ सालीं आयर्लंडांतील अल्स्टर प्रांतांत झालेल्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतींत अशी पंप लावलेली ऑस्टिन तिसरी आली. तिच्यापुढें होत्या त्या गाड्या कितीतरी मोठ्या होत्या.

चौथा एक मार्ग आहे, आणि त्यांत एंजिनाला हातच लावावा लागत नाहीं. चालकासह ४०० किलो वजनाच्या गाडींतून ८० किलो उतरविले, तर तेवढ्याच बळानें तिचा वेग वाढण्याची गति सव्वापट होते. चॅपमनची पहिली गाडी अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चिकटविलेल्या प्लायवुडची होती, ती याच विचारानें. त्याच्या सर्व पुढील कामाचें बीज आम्हांस एंजिनापेक्षां या प्लायवुडांत अधिक दिसतें.

आतां ब्रेकांविषयीं. ऑस्टिन सेव्हनला चारही चाकांवर ब्रेक होते खरे, परंतु ते तारांनीं ओढले जात, आणि आरंभींच्या गाड्यांत पायानें एक जोडी व हातानें दुसरी चाले. दोन्ही जोडून पायाखालीं आणल्या त्या १९३० सालीं. चाळीस मैलांच्या गाडीला ते कसेबसे पुरत. गाडीची गतिज शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. चाळिसाचे साठ मैल झाले कीं ती सव्वादोनपट होते, आणि ती सारी त्याच लहानशा ड्रमांत उष्णता होऊन जिरली पाहिजे.

हें गणित आम्हांस कॉलेजांत असतांना येत होतें. वसतिगृहांतील आमच्या एका मित्राजवळ जुनी मोटारसायकल होती. तीन रात्री खपून आम्हीं दोघांनीं तिचें हेड उतरविलें, एका लेथवाल्याकडून रंधून आणिलें, कार्ब्युरेटरची तोटी मोठी केली. सारे आंकडे आमच्या वहींत आमच्याच हातचे होते : पोकळी किती, प्रमाण किती, लाभ किती. गाडी चालली, आणि छान चालली. चौथ्या दिवशीं घाटाच्या उतारावर एका वळणाशीं मित्राला ती थांबवितां आली नाहीं. ब्रेकांचें आकडेमोडीचें पान त्या वहींत नव्हतें. तें आम्हीं लिहिलेंच नव्हतें, कारण त्यांत शक्ति वाढत नव्हती. मित्राच्या उजव्या पायांत आज पंचवीस वर्षांनींही लोखंडी पट्टी आहे, व जिना चढतांना तो कठड्याला धरतो. त्यानें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं. वही अद्याप आमच्या कपाटांत आहे.

पालकांच्या माहितीसाठीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीच्या पत्रांत लिहिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकाला आपल्या वाहनांत करितां येत नाहीं. इंग्लंडांतील ते तरुण आपल्या गाड्या शर्यतींच्या बंद मार्गांवर व नियमांनीं बांधलेल्या स्पर्धांत पळवीत. आमच्या गांवचा बाजाररस्ता तसा नव्हे.

मग आपल्या मुलांनीं करावें काय? भंगारवाल्याकडे जुन्या एंजिनाचें हेड वजनावर मिळतें. तें आणून काजळी खरवडावी, स्पार्क प्लग जागीं बसवावा, हेड उलटें करून समपातळींत ठेवावें. एका जाड कांचेला मधें भोंक पाडून ती ग्रीस लावून पोकळीवर चिकटवावी, आणि प्रयोगशाळेंतील ब्युरेटनें भोंकांतून रॉकेल थेंबथेंब सोडावें. कांचेखालीं बुडबुडा उरला नाहीं कीं ब्युरेटवरील अंक वाचावा. तीच पोकळीची जागा. चारही पोकळ्या मोजून त्यांचे अंक शेजारीं शेजारीं लिहावे.

प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. त्यानें दिवाळीच्या सुटींत हाच प्रयोग केला. तीन पोकळ्यांचे अंक जवळजवळ सारखे आले, तिसरी मात्र दोन घन सेंटिमीटर कमी भरली. त्यानें ती दोनदां पुन्हां मोजली व उत्तर तेंच आलें. शेवटीं खिडकीशीं नेऊन पाहतां, त्या पोकळीच्या एका कोंपऱ्यांत काजळीचा जुना थर दगडासारखा बसलेला आढळला. तो रंग लोखंडाचाच समजून त्यानें सोडून दिला होता.