तडा न लपविणारा कारागीर

फळीला तडा दिसताच आपण ती टाकाऊ ठरवितो. फर्निचर घडविणारे जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांची रीत निराळी होती.

जपानी आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले नाकाशिमा मूळचे वास्तुविशारद. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातील ‘गोलकोंड’ वसतिगृहाच्या बांधकामावर त्यांनी काम केले होते. १९४२ साली, जपानशी युद्ध चालू असता, केवळ वंशामुळे त्यांना पत्नी व तान्ह्या मुलीसह आयडाहोतील मिनिडोका छावणीत डांबण्यात आले. तेथे गेंतारो हिकोगावा या कसबी सुताराच्या हाताखाली ते जपानी पद्धतीचे सुतारकाम शिकले. त्यामुळे तो अन्याय न्याय ठरत नाही. १९८८ साली अमेरिकन शासनाने या बंदिवासाबद्दल कायद्याने क्षमा मागितली.

१९४३ साली सुटका झाल्यावर पेन्सिल्व्हेनियातील न्यू होप येथे त्यांनी आपला कारखाना उभारला. तडा गेलेल्या फळीत ते तड्यावर आडवी खाच पाडीत आणि तीत फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा घट्ट बसवीत. मध्ये अरुंद व टोकांस रुंद असल्याने तो दोन्ही बाजू धरून ठेवी. तडा दिसत राही, पण वाढत नसे.

मननासाठी :
१. आपल्या कुटुंबातील कोणता तडा आपण केवळ लपवीत आहोत?
२. तो वाढू नये म्हणून दोन्ही बाजूंना धरून ठेवण्यास आपण तयार आहोत काय?