जुन्या वर्कस्टेशनला नवं ग्राफिक्स कार्ड: पैसे कधी वसूल होतात, कधी नाही



लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं, अल्बम डिझाइन, इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू असा व्यवसाय घरातून सुरू करणारे बरेच जण पहिलं मशीन म्हणून रिफर्बिश्ड वर्कस्टेशन घेतात. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली ही मशीन असतात. एचपी झेड४४० हे त्यातलं एक नेहमीचं नाव. २०१४ सालचं मॉडेल, आत झिऑन प्रोसेसर, बांधणी दणकट. सुरुवातीला हे मशीन छान चालतं. मग कॅमेरा फोर-के होतो, क्लायंट "कालपर्यंत हवं होतं" म्हणायला लागतो आणि प्रश्न येतो: "सर, मशीन अडकतंय. ग्राफिक्स कार्ड टाकू का?"

कार्ड काढायचं कसं, बसवायचं कसं हे व्हिडिओत दाखवलंय, ते इथे परत लिहीत नाही. इथे बोलायचंय ते खरेदीच्या आधीच्या हिशेबाबद्दल. कारण कार्ड विकणारा दुकानदार हा हिशेब तुम्हाला करून देणार नाही, आणि त्याने तो का करावा?

अडतंय नक्की कुठे?

तुमचं नेहमीचं काम उघडा. डेमो फाइल नको, खरं प्रोजेक्ट घ्या. टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्सचं पान बाजूला ठेवा आणि टाइमलाइन चालवा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड वीस टक्क्यांवर असेल, तर नवं कार्ड टाकून हातात काही पडणार नाही. हार्ड डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर आधी एसएसडी घ्या, त्यात बरेच कमी पैसे जातात. एक गंमत लक्षात ठेवा. टास्क मॅनेजरचा थ्रीडीचा आलेख कधी कधी कमी दिसतो, कारण एडिटिंग सॉफ्टवेअर कार्डाचा वेगळा भाग वापरत असतं. म्हणून जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातला कार्डाचा लोड आणि वापरलेली मेमरी बघा.

झेड४४० मध्ये बरेचदा क्वाड्रो के२२०० कार्ड येतं. मेमरी ४ जीबी, वीज ६८ वॉट. त्या काळी चांगलं होतं. पण डाविंची रिझॉल्व्हमध्ये फोर-के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावलं की जीपीयू मेमरी भरल्याचा मेसेज येतो आणि काम तिथेच थांबतं. हा मेसेज वारंवार येत असेल, तर अडचण कार्डाचीच आहे यात शंका नाही.

आता लग्नवाल्यांसाठी खास. तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ फुटेज देत असेल (सोनीच्या बऱ्याच नव्या बॉडीमध्ये हा पर्याय आहे आणि लोक तो हौसेने चालू करतात), तर नीट ऐका. एनव्हिडियाची ३० आणि ४० मालिकेतली कार्डं हा प्रकार हार्डवेअरमध्ये डीकोड करत नाहीत. ती सोय ५० मालिकेत आली. म्हणजे २५ हजारांचं आरटीएक्स ३०६० टाकूनही ती क्लिप टाइमलाइनवर आधी जशी अडकत होती तशीच अडकेल, कारण तिचं ओझं प्रोसेसरवरच राहणार. त्यावर उपाय प्रॉक्सीचा. रात्री झोपताना प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी हलक्या फाइलवर एडिट करा. खर्च शून्य.

कुठला तास मोजायचा

मित्रांनो, इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. "आधी रेंडरला साडेतीन तास लागायचे, आता एक तास लागेल, म्हणजे अडीच तास वाचले." बरोबर. पण रेंडर तुम्ही रात्री अकराला लावून झोपत असाल, तर ते अडीच तास कुणाचे वाचले? कॉम्प्युटरचे. त्याला पगार नाही.

मोजायचा तो तास, ज्यात तुम्ही खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत थांबलेले असता. कलर करताना प्रत्येक बदलानंतर थांबणं, थ्रीडी व्ह्यूमध्ये लाइट हलवून चित्र स्वच्छ व्हायची वाट बघणं, क्लायंट शेजारी बसलेला असताना प्लेबॅक अडकणं. एक आठवडा वहीत लिहा. समजा एका लग्नामागे असे ३ तास निघाले आणि हंगामात तुम्ही २५ लग्नं करता. झाले ७५ तास. तुमच्या तासाची किंमत १५० रुपये धरली तर ११,२५० रुपये. २५ हजारांचं कार्ड या हिशेबाने वसूल व्हायला दोन हंगामांपेक्षा जास्त लागतील.

पण त्याच ७५ तासांत तुम्ही तीन जास्तीच्या ऑर्डर घेऊ शकत असाल, आणि एका ऑर्डरमागे १२ हजार सुटत असतील, तर ३६ हजार होतात आणि कार्ड एकाच हंगामात सुटतं. अट एवढीच की त्या तीन ऑर्डर खरंच दारात उभ्या हव्यात. गेल्या वर्षी वेळ नाही म्हणून किती जणांना नाही म्हणालात, तो आकडा घ्या. शून्य असेल तर पैसे कार्डात नको, जाहिरातीत घाला. आकडे माझे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

वीज पुरते का?

कार्ड घ्यायचं ठरलं असं धरू. कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. झेड४४० मध्ये ७०० वॉटचा एसएमपीएस मिळतो, काहींमध्ये त्याहून लहानही असतो. डेलच्या प्रिसिजन टी५८१० मध्ये तर ४२५, ६८५ आणि ८२५ वॉट असे तीन प्रकार आहेत. बाहेरून मशीन सारखंच दिसतं, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका.

बेरीज सोपी आहे. झिऑन ई५-१६५० व्ही३ प्रोसेसर १४० वॉटचा. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॉटचं. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, फॅन मिळून शंभरेक धरा. ४१० च्या आसपास. ७०० मध्ये आरामात बसतं, ४२५ मध्ये नाही.

दुसरा मुद्दा कनेक्टरचा. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला ७५ वॉट देतो, ६ पिनची वायर ७५ आणि ८ पिनची १५०. बहुतेक ३०६० कार्डांना एक ८ पिनची वायर लागते आणि झेड४४० मध्ये ६ पिनच्या वायरी असतात. दोन ६ पिन जोडून एक ८ पिन करणारा अडॅप्टर मिळतो, तो चालतो: ७५ अधिक ७५ म्हणजे १५०, हिशेब जुळतो. पण साटा डिस्कच्या वायरीवरून ८ पिन करून देणारा अडॅप्टर कुणी पुढे केला तर घेऊ नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरताच बनवलेला आहे. त्यातून १५० ओढले की प्लास्टिक वितळतं आणि कधी कधी तेवढ्यावर थांबत नाही.

"मग एसएमपीएसच बदलू" हा विचारही इथे सरळ चालत नाही. एचपीच्या या मशीनमध्ये मदरबोर्डाकडे जाणारे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे आहेत, बाजारातला नेहमीचा एसएमपीएस तसाच बसत नाही.

लहान एसएमपीएस असेल तर वायर न लागणारं कार्ड शोधा. आरटीएक्स ए२००० हे ७० वॉटचं आहे, आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी प्रकारही ७० वॉटचा. इंटेलची आर्क कार्डं किमतीला चांगली वाटतात, पण नीट चालायला त्यांना मदरबोर्डात रिसायझेबल बार ही सोय लागते आणि या जुन्या मशीनमध्ये ती नाही. आणि ३०६० घेताना डबा वाचा: १२ जीबी आणि ८ जीबी असे दोन प्रकार आहेत. आपल्याला १२ जीबीचं हवंय, मेमरीसाठीच तर हा खटाटोप.

जाता जाता यूपीएसबद्दल. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट झेपवतो. जुन्या कार्डावर तो पुरत होता. नवीन कार्डावर पूर्ण लोड असताना लाइट गेली की यूपीएस किंचाळून बंद पडेल आणि रेंडर ऐंशी टक्क्यांवर मरेल. त्यामुळे यूपीएसचे पैसेही कार्डाच्या बजेटमध्येच धरायचे.

हवा: जिथे लोक पैसे वाचवतात आणि वेग घालवतात

दोन-तीन पंख्यांचं आजकालचं कार्ड स्वतःची उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतं. जुनं कार्ड ६८ वॉट सोडत होतं, नवं १७० सोडणार. ती हवा बाहेर गेली नाही तर प्रोसेसर तीच गरम हवा ओढतो. कार्डाचं तापमान ८३ अंशांच्या आसपास गेलं की ते स्वतःला वाचवायला वेग कमी करायला लागतं. म्हणजे पैसे १७० वॉटच्या कार्डाचे दिलेत, काम त्याहून कमी मिळतंय. आणि स्क्रीनवर कुठलीही सूचना येत नाही!

यात आपल्या हवेचा भाग मोठा आहे. इंटरनेटवरच्या चाचण्या बहुतेक एसी खोलीतल्या असतात, पंचवीसेक अंशांच्या. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी तुमची खोली ४० वर असेल, तर आतली प्रत्येक गोष्ट साधारण पंधरा अंशांनी वर सरकते. आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नाचा भर. म्हणून तापमानाची चाचणी रात्री करू नका. दुपारी तीनला करा, कॅबिनेट बंद ठेवून करा, अर्धा तास खरं रेंडर चालवून करा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींचे आकडे दाखवतं. कार्ड बदलण्याआधी एकदा, नंतर एकदा, दोन्ही वहीत.

मग काम सुरू करा, स्वस्तापासून. पहिली धूळ. वीज काढून, मशीन अंगणात नेऊन ब्लोअरने साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, स्थिर विजेची भीती असते. दुसरी थर्मल पेस्ट. आठ-दहा वर्षांत ती वाळून खडूसारखी झालेली असते. जुनी पुसून काढा, नवीन वाटाण्याएवढी लावा. एवढ्यानेच प्रोसेसरचा आवाज उतरलेला ऐकू येईल. तिसरा पुढचा पंखा. झेड४४० च्या बऱ्याच मशीनमध्ये पुढच्या बाजूला पंख्याची जागा असते पण पंखा नसतो. तो बसवला की ताजी हवा थेट कार्डावर येते. फक्त कनेक्टर तपासून घ्या, ब्रँडेड वर्कस्टेशनमध्ये पंख्यांचे काही कनेक्टर नेहमीच्या ४ पिनचे नसतात.

एवढं करूनही कार्ड तापत असेल तर एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट शंभरवरून ८० टक्क्यांवर आणा. वेग थोडासा उतरतो, उष्णता आणि आवाज बराच. तुमच्या स्वतःच्या रेंडरवर घड्याळ लावून बघा आणि ठरवा. वॉटर कूलिंगच्या नादी मात्र लागू नका. या कॅबिनेटमध्ये त्याला धड जागा नाही.

बिल घ्या

"बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो." लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या गावातलं दुकान, हे वाक्य कानावर पडेल. हिशेब करा. कार्ड २५,००० ला, त्यात १८ टक्के जीएसटी धरून. म्हणजे मूळ किंमत २१,१८६ आणि कर ३,८१४. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा नंबर असेल, तर हे ३,८१४ तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतात. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाहीत. पण वॉरंटी तर बिलावरच मिळते ना?

आयकरात कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीआधी घेऊन वापरायला लागलात तर पूर्ण ४० टक्के. आणि तसंही तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू, त्याआधी मशीन तापून-तावून तयार हवं. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवणाऱ्या योजनेत तुम्ही असाल तर घसाऱ्याचा वेगळा फायदा नाही, तेव्हा सीएला विचारूनच तारखेची घाई करा.

किती खर्च या मशीनवर?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि झेड४४० मधले झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्याहून जुन्या झेड४२० मधल्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ नाही, जे काही नव्या सॉफ्टवेअरना लागतं. म्हणून माझा नियम असा: झेड४२० वर सफाई आणि पेस्टपलीकडे खर्च नको. झेड४४० वर खर्च करा, पण अशाच वस्तूंवर ज्या उद्या दुसऱ्या मशीनमध्ये जातील. कार्ड जाईल, एसएसडी जाईल, यूपीएस राहील. एचपीचाच एसएमपीएस, एचपीचीच रॅम शोधत बसू नका.

आणि काढलेलं जुनं क्वाड्रो हजार-पाचशेला विकू नका. या झिऑन प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, कार्ड गेलं की स्क्रीन काळी. उद्या नवं कार्ड वॉरंटीत पाठवावं लागलं तर परत येईपर्यंत मशीन याच कार्डावर चालेल. पिशवीत गुंडाळा, वर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा.